ब्राउझरमध्ये नाव दिसतं, आउटलुकमध्ये का नाही?

ऑफिसात नवीन माणूस रुजू होतो. सकाळी त्याचा मेलबॉक्स उघडला जातो, मेल यायला-जायलाही लागतात. पण दुपारी एखादा सहकारी आउटलुकमध्ये त्याचं नाव शोधायला गेला, तर ते सापडतच नाही. लगेच आयटीकडे तक्रार जाते की सर्व्हर बिघडलाय. खरं तर अशा वेळी सर्व्हर बहुधा ठणठणीत असतो.

मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंज या मेल सांभाळणाऱ्या सर्व्हरवर संस्थेतल्या सगळ्यांची नावं आणि पत्ते एका डिरेक्टरीत असतात. आउटलुक २००३ सोबत कॅश मोड आला आणि मेलची प्रत आपल्याच संगणकावर राहू लागली. नेटवर्क तुटलं तरी काम चालावं, हा हेतू. त्या प्रतीसोबत पत्त्यांची यादीही उतरवून घेतली जाते, तिचं नाव ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुक, आयटीवाल्यांच्या बोलण्यात ओएबी. म्हणजे क्लासिक आउटलुकमध्ये (संगणकावर बसवलेल्या जुन्या धाटणीच्या आउटलुकमध्ये) आपण नाव शोधतो ते या प्रतीत. डिरेक्टरीत आत्ता काय आहे, हे तिला ठाऊक नसतं.

ही प्रत किती शिळी असू शकते? एक्स्चेंज २०१३ पासून सर्व्हर ही यादी साधारण दर ८ तासांनी नव्याने तयार करतो. आधीच्या २०१० आवृत्तीत हे काम दिवसातून एकदाच, पहाटे ५ वाजता व्हायचं. आउटलुक आपल्या बाजूने शेवटच्या यशस्वी डाउनलोडनंतर २४ तासांनी पुन्हा विचारणा करतं. दोन्ही वेळा प्रतिकूल जुळल्या तर ३२ तास सहज जातात, आणि मध्ये लॅपटॉप बंद राहिला तर त्याहून जास्त. नोकरी सोडून गेलेला माणूस यादीत रेंगाळतो, त्यामागेही हेच गणित असतं.

म्हणून पहिली तपासणी फुकटची आहे. तेच नाव ब्राउझरमधल्या वेबमेलमध्ये शोधा. वेबमेल थेट डिरेक्टरीला विचारतं. तिथे नाव दिसलं तर डिरेक्टरी बरोबर आहे आणि अडचण प्रतीच्या प्रवासात कुठेतरी आहे. तिथेही नसेल, तर ओएबीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्या खात्यावर 'अ‍ॅड्रेस लिस्टमध्ये दाखवू नका' ही खूण कोणी केली आहे का, ते आधी बघावं.

आता एरर कोड. आउटलुकच्या सेंड-रिसीव्ह खिडकीत आठ आकड्यांचं काहीतरी झळकतं आणि लोक ते न वाचताच बंद करतात. हे चुकतं, कारण त्यातले काही कोड चक्क बोलतात. समजा ८०१९०१९४ आला. हा आकडा सोळाच्या पटीत मोजायचा असतो. शेवटचे तीन अंक घ्या: १, ९, ४. म्हणजे १ × २५६ + ९ × १६ + ४ = ४०४. वेबवरचा तोच ओळखीचा ४०४: पत्त्यावर सर्व्हर आहे, पण मागितलेली फाइल तिथे नाही. शेवटी १९१ असेल तर उत्तर येतं ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. १९३ म्हणजे ४०३, परवानगी नाही. '१एफ७' चं होतं ५०३ (या पद्धतीत एफ म्हणजे १५), सेवाच बंद. एवढ्यावरून फाइल शोधायची, पासवर्ड बघायचा की बंद पडलेली सेवा सुरू करायची, हे कळतं.

सर्वात जास्त दिसणारा ८००४०१०एफ मात्र घुमा आहे. 'वस्तू सापडली नाही' इतकंच सांगतो. कोणती, ते सांगत नाही. अनेकदा त्या मेलबॉक्स डेटाबेसला कोणतंच ओएबी जोडलेलं नसतं, किंवा ऑटोडिस्कव्हर ही सेवा आउटलुकला यादीचा पत्ताच देत नाही. दुसरी शक्यता तपासणं सोपं आहे. कंट्रोल बटण दाबून टास्कबारच्या कोपऱ्यातल्या आउटलुकच्या चिन्हावर उजवं क्लिक करा, ऑटोकॉन्फिगरेशनची चाचणी चालवा आणि निकालात ओएबीचा पत्ता आहे का पाहा. असेल तर त्याच्या शेवटी 'ओएबी डॉट एक्सएमएल' जोडून तो ब्राउझरमध्ये उघडा. छोटीशी मजकूर फाइल दिसली पाहिजे. मुख्य फाइलचं नाव, आकार, अनुक्रमांक आणि शहानिशेसाठीचा हॅश तिच्यात असतो. अनुक्रमांक जुनाच राहात असेल, तर सर्व्हर नवी यादी तयारच करत नाहीये.

इथे एक खोच आहे. ब्राउझरमध्ये फाइल उघडते, आउटलुक मात्र अडतं, असंही होतं. कारण आउटलुक ही फाइल स्वतः आणत नाही. ते काम विंडोजच्या बिट्स या पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवेला देतं. सर्व्हरची ओळख पटवणारं सर्टिफिकेट संशयास्पद असेल तर ब्राउझर इशारा देतो आणि आपण 'तरीही पुढे जा' म्हणतो. बिट्सला हा पर्याय नसतो, ते गपचूप थांबतं. प्रॉक्सीची, म्हणजे इंटरनेटकडे जाणाऱ्या वाटेवरच्या मध्यस्थ सर्व्हरची, चुकीची सेटिंगही त्याला अशीच अडवते.

एकाच माणसाच्या संगणकावर गोंधळ असेल, तर सर्व्हरकडे बघूही नये. आउटलुक बंद करून त्याच्या स्थानिक फोल्डरमधला 'ऑफलाइन अ‍ॅड्रेस बुक्स' हा फोल्डर काढून टाकला की पुढच्या वेळी यादी पूर्ण नव्याने उतरते. हा उपाय सगळ्या ऑफिसला मात्र सांगू नये. रोज फक्त बदल उतरतात म्हणून नेटवर्कवर भार पडत नाही. हजारभर संगणकांनी एकदम पूर्ण यादी मागितली तर तो पडेल. कोणी काही न करताही हे घडू शकतं: एक्स्चेंज २०१३ च्या सुरुवातीच्या काळात यादी बनवण्यासाठी सर्व्हरने राखलेले खास मेलबॉक्स एकाहून जास्त असले की प्रत्येक जण आपापली वेगळी यादी बनवायचा, आणि आउटलुक एकाकडून दुसऱ्याकडे वळलं की पुन्हा अख्खी फाइल ओढायचं. पुढच्या अपडेट्समध्ये यादीची मालकी एकाच मेलबॉक्सकडे देऊन हे मिटवलं गेलं.

आणि सगळ्यांच्या आउटलुकमधून नेमकं एकच नाव गायब असेल, वेबमेलमध्ये ते दिसत असेल आणि दोन दिवसही उलटून गेले असतील, तर त्या खात्याचा ईमेल पत्ताच सदोष आहे का, ते तपासा. यादी बनवताना अशी नोंद वगळून सर्व्हर पुढे जातो. वगळल्याची नोंद इव्हेंट लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या घडामोडींच्या नोंदवहीत, मिळण्याची शक्यता असते.