मिठाई

खवा, छेना, बेसन किंवा सुकामेवा साखरेबरोबर शिजवून केलेल्या, बहुधा हलवायाकडून आणलेल्या गोड पदार्थांना मिठाई म्हणतात. हा शब्द मराठीने हिंदीतून घेतला. संस्कृत ‘मृष्ट’ म्हणजे घासूनपुसून स्वच्छ केलेले, त्यावरून रुचकर. त्याचे झाले ‘मिष्ट’ (मिष्टान्नातले), प्राकृतात ‘मिट्ठ’, हिंदीत ‘मीठा’. त्याला ‘भलाई’तला ‘-आई’ लागला. आधीचा अर्थ गोडपणा. पुढे तो गोड वस्तूचेच नाव झाला.

याच ‘मिट्ठ’चे मराठीत मीठ झाले, आणि ते खारट! गुजरातीतही मिठाला ‘मीठुं’च म्हणतात. अन्नाला चव आणते ते मिष्ट, हा जुना अर्थ इथे टिकला. संस्कृत ‘लवण’ लोणच्यात आणि अळणीत उरले. साखरेच्या चवीसाठी मराठीचा स्वतःचा शब्द ‘गोड’, तो गुळाच्या म्हणजे ‘गुड’च्या कुळातला.

नागपूर १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्यामुळे इथे ‘मीठ’ आणि ‘मीठा’ शेजारी नांदतात. तरी पुरणाच्या पोळीला कोणी मिठाई म्हणत नाही. ते पक्वान्न किंवा गोडधोड. मिठाई ती दुकानातल्या डब्यातली, आणि नागपुरात ती म्हणजे आधी संत्रा बर्फी. (‘बर्फी’ फारसी ‘बर्फ’वरून.)

घरी करायची तर ४ मध्यम संत्र्यांचा गर घ्यावा, सुमारे १ वाटी. साल, बिया, पाकळ्यांवरचे पापुद्रे आणि पांढरे धागे पूर्ण काढावेत. यात आळस नको: त्यांतल्या लिमोनिन या कडू द्रव्यामुळे आधी गोड लागलेला गर तापल्यावर कडवट होतो. गर पाऊण वाटी साखरेत घट्ट होईपर्यंत आटवून कोमट करावा. २५० ग्रॅम खवा मंद आचेवर वेगळा परतून, खाली उतरवून, किंचित निवल्यावर त्यात गर मिसळावा. कच्चा आंबट रस गरम खव्यात ओतला तर दुधातली प्रथिने साकळतात, गोळा रवाळ होतो आणि तूप सुटते. मग पुन्हा मंद आचेवर, कडा सुटेपर्यंतच. जास्त आटवले की साखर दाणेदार होऊन वडीचा भुगा होतो, कमी आटवले तर वडी पडतच नाही. तूप लावलेल्या ताटात थापून, पूर्ण गार झाल्यावरच कापावी.