रोगनजोश

रोगनजोश : काश्मीर खोऱ्यातील मेंढीच्या मांसाचा लाल रश्श्याचा पदार्थ. काश्मिरी पंडित आणि काश्मिरी मुसलमान या दोन्ही समाजांच्या स्वयंपाकघरांत तो शिजतो, पण दोघांची रीत वेगळी. पंडितांच्या रोगनजोशात कांदा-लसूण नसतो. त्याची चव हिंग, बडीशेप आणि सुंठ यांची. मुसलमान घरांत आणि वाझवानाच्या, म्हणजे लग्नकार्यातल्या मेजवानीच्या, पंगतीत प्राण नावाचा छोटा काश्मिरी कांदा, लसूण आणि मवलाच्या फुलांचा लाल अर्क येतो. टोमॅटो, खोबरे, काजूची पेस्ट यांपैकी काहीही परंपरेने या पदार्थात पडत नाही. रस्सा म्हटला की वाटण आलेच, अशी सवय असलेला मराठी स्वयंपाकी पहिल्यांदा इथेच अडखळतो. रोगनजोशाला अंग येते ते मांसातून सुटणाऱ्या रसाने, परतून आटवलेल्या दह्याने आणि वर येणाऱ्या तांबड्या तवंगाने. तवंग नीट सुटला की पदार्थ साधला असे खुशाल समजावे.

काश्मिरातील मांसाहारी स्वयंपाकावर मध्य आशिया आणि इराणचा ठसा स्पष्ट दिसतो. वाझवान शिजवणाऱ्या खानदानी आचाऱ्यांना वाझा म्हणतात. त्यांचे पूर्वज तैमूरच्या काळात समरकंदहून आले, असे परंपरा सांगते. सुलतान झैन-उल-आबिदीन याच्या कारकिर्दीत (१४२०–१४७०) मध्य आशिया व इराणमधून अनेक कारागीर खोऱ्यात आले, ही गोष्ट मात्र इतिहासात नोंदलेली आहे. आज रोगनजोशाची ओळख बनलेली मिरची त्यांच्या शिदोरीत असणे शक्य नव्हते. मिरची मूळची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात भारतात उतरली. तिच्याखेरीज लाल रंग देणाऱ्या दोन वनस्पती काश्मिरी स्वयंपाकात आजही वापरात आहेत. एक मवल, म्हणजे आपल्या अंगणातल्या कोंबड्याचे फूल; पावसाळ्यात ज्याची भाजी करतात त्या कुरडूचाच हा बागेतला भाऊबंद. दुसरी रतनजोतीची मुळी. तिचा रंग पाण्यात उतरत नाही, तेलातुपात उतरतो. त्यामुळे ती गरम तेलात थोडा वेळ ठेवून काढून टाकतात.

मांस

काश्मिरात मांस म्हणजे प्रामुख्याने मेंढीचे. महाराष्ट्रात मटणाच्या दुकानात बहुतेक ठिकाणी बोकड मिळतो. बोकडाला चरबी कमी, त्यामुळे तवंगही कमी येतो आणि शिजायला वेळ अधिक लागतो. माणदेश, सोलापूर, सांगलीकडे धनगरांच्या मेंढ्या आहेत. तिकडे राहणाऱ्यांनी मेंढीचेच मटण घ्यावे, फरक पहिल्या घासाला कळतो. बोकड घ्यायचा तर कोवळा घ्यावा आणि मांडी, खांदा, मान यांच्या तुकड्यांबरोबर सीन्याचे थोडे चरबीदार तुकडे मागून घ्यावेत. तुकडे हाडासकट आणि मोठे हवेत, आपल्याकडच्या रश्श्यासाठी करतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. हाडांच्या आणि सांध्यांच्या आसपासचे कोलॅजन मंद आचेवर जिलेटिन होऊन रश्श्यात मिसळते. नीट शिजलेला रोगनजोश ओठांना किंचित चिकटतो तो त्यामुळेच. बिनहाडाच्या मटणाचा रोगनजोश मसालेदार होईल, पण त्याला ही चिकटाई येणार नाही.

मसाले

पंडिती रीतीत ताजे आले जवळजवळ नसते, त्याची जागा सुंठीने घेतलेली असते. खोऱ्यातला हिवाळा लांब आणि बर्फाचा. वांगी, टोमॅटो, दुधी उन्हाळ्यातच वाळवून ठेवायचे. त्या वाळवणाला होख स्यून म्हणतात. सुंठ आणि बडीशेपेच्या पुडी अशाच साठवणीच्या स्वयंपाकातल्या. शिवाय आले वाळताना त्यातल्या जिंजेरॉलचा काही भाग अधिक तिखट अशा शोगाओलमध्ये बदलतो. म्हणून सुंठीची ऊब निराळी असते, ती जिभेपेक्षा घशात जाणवते. ताजे आले किसून घातले तर तो फरक भरून निघत नाही.

बडीशेप न भाजता बारीक दळून घ्यावी आणि चाळावी. भरड राहिली तर ती रश्श्यात वेगळी तरंगते. मिरची काश्मिरी हवी, म्हणजे रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा. आपल्या बाजारात काश्मिरी म्हणून जी मिरची विकली जाते ती पुष्कळदा कर्नाटकातली ब्याडगी असते. रंगाच्या बाबतीत तिनेही काम भागते. लवंगी किंवा संकेश्वरी मिरचीने मात्र पदार्थ बिघडतो. रंगासाठी जेवढी पूड लागते, तेवढी तिखट मिरची घातली तर तो खाववणार नाही.

वेर हा या स्वयंपाकातला आणखी एक साठवणीचा मसाला. काश्मिरी मिरची आणि इतर मसाले मोहरीच्या तेलात मळून त्यांच्या मधोमध भोक असलेल्या चकत्या करतात, सावलीत वाळवून दोरीत ओवून टांगतात आणि लागेल तसा तुकडा मोडून शिजत्या भांड्यात टाकतात. मुसलमान घरांतल्या वेरमध्ये प्राण व लसूण असतो, पंडितांच्या वेरमध्ये हिंग.

घरगुती कृती

पुढील रीत पंडिती आहे. घरी करून पाहायला हीच सोपी, कारण यातले सगळे जिन्नस आपल्या वाण्याकडे मिळतात.

एक किलो मटणाला पाऊण वाटी मोहरीचे तेल, एक मोठी वाटी ताजे दही, तीन ते चार चहाचे चमचे काश्मिरी मिरचीपूड, तीन चमचे बडीशेप पूड, दीड चमचा सुंठपूड आणि पाव चमचा हिंग लागतो. खड्या मसाल्यात पाच-सहा लवंगा, तीन मसाला वेलच्या, चार हिरव्या वेलच्या, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि दोन तमालपत्रे. शेवटी घालायला अर्धा चमचा शहाजिरे, हातावर चुरडून.

जाड बुडाच्या पातेल्यात मोहरीचे तेल धूर निघेपर्यंत तापवावे. कच्च्या तेलाचा नाकात जाणारा उग्रपणा ज्या द्रव्यांमुळे असतो ती उडून जाणारी असतात; तेल धुरावले की ती निघून जातात आणि तेलाचा रंगही फिकट पिवळा होतो. मग गॅस बंद करून तेल दोन-तीन मिनिटे निवू द्यावे. ही थांबण्याची पायरी टाळू नये, धुरावलेल्या तेलात हिंग आणि लवंगा पडल्या की क्षणात करपतात. तेल निवल्यावर पुन्हा मध्यम आच, त्यात खडे मसाले, चमचाभर पाण्यात कालवलेला हिंग आणि लगेच पुसून कोरडे केलेले मटण.

यापुढची पंचवीस-तीस मिनिटे सगळ्यात महत्त्वाची. मटणाला आधी पाणी सुटते आणि ते तेलाबरोबर खदखदू लागते. झाकण न ठेवता ते आटू द्यावे. पाणी संपत आले की खदखद थांबून तडतड सुरू होते. हा बदललेला आवाज कानांनी टिपायचा असतो. इथून मांस तेलात परतले जाते, कडा तांबूस होतात आणि बुडाला तपकिरी खरपुडी धरते. ती काळी पडू लागली तर पाण्याचा हबका मारून उलथन्याने खरवडून घ्यावी. कांद्याचा आधार नसलेल्या या रश्श्याला खमंगपणा मिळतो तो याच खरपुडीतून. पाणी आटायच्या आतच दही घातले तर मांस उकडल्यासारखे लागते. पुढे कितीही मसाला घातला तरी ते सावरत नाही.

दही आंबट नसावे आणि फ्रिजमधून थेट काढलेले नसावे. आंबटपणा आणि आच या दोन्हींनी दुधातले केसीन गोळा होते, म्हणून आंबट दही लवकर फाटते. ते रवीने घुसळून एकजीव करावे, त्यातच मिरचीपूड कालवावी आणि आच अगदी मंद करून चार-पाच वेळा थोडे थोडे मटणावर घालावे. प्रत्येक वेळी ते पूर्ण मुरेपर्यंत हात थांबवू नये. सुरुवातीला रंग गुलाबीसर, काहीसा निराश करणारा दिसतो. पाणी आटत जाते तसा तो विटकरी होतो, मग गडद तांबडा, आणि पातेल्याच्या कडेने तेल सुटते. मिरचीतले रंगद्रव्य स्निग्धात विरघळणारे आहे. दह्यातले पाणी गेल्याशिवाय ते तेलात उतरत नाही. रंग नीट आला नाही तर मिरची वाढवू नये, परतणे वाढवावे.

आता बडीशेप व सुंठीची पूड आणि मीठ घालून दोन मिनिटे हलवावे आणि तीन वाट्या कडकडीत गरम पाणी ओतावे. गार पाण्याने शिजणे लांबते. एक उकळी आली की झाकण ठेवून मंद आचेवर मेंढी सव्वा तास, बोकड दीड ते पावणेदोन तास शिजवावा. मांस हाडापासून सुटायला लागावे, पण तुकडा मोडू नये. शेवटी झाकण काढून रस्सा हवा तेवढा आटवावा आणि शहाजिरे घालावेत. रस्सा पळीवरून ओघळण्याइतका पातळच असतो. दाट ग्रेव्ही हे रोगनजोशाचे लक्षण नाही.

प्रेशर कुकर काश्मिरी घरांतही सर्रास वापरला जातो आणि त्यात काही वावगे नाही. परतणे आणि दही जिरवणे मात्र उघड्या भांड्यातच करावे. नंतर पाणी कमी घालून तीन-चार शिट्ट्या कराव्यात आणि झाकण काढून पंधरा मिनिटे मंद आचेवर ठेवावे. बंद कुकरमध्ये तेल आणि पाणी घुसळून एक झालेले असते, ते वेगळे व्हायला तेवढा अवधी लागतो.

वाझ्यांची रीत

वाझवान ही लग्नकार्यातली मेजवानी, परंपरेने छत्तीस पदार्थांची. चार माणसे एका त्रामीभोवती, म्हणजे कल्हईच्या तांब्याच्या मोठ्या ताटाभोवती बसतात. रिस्ता, तबक माझ, आब गोश्त, मर्चवांगन कोर्मा यांच्या रांगेत रोगनजोश येतो आणि गुश्ताब्याने सांगता होते. स्वयंपाक लाकडाच्या जाळावर, कल्हई केलेल्या तांब्याच्या भांड्यांत चालतो आणि मुख्य आचाऱ्याला वस्ता वाझा म्हणतात. इथल्या रोगनजोशात तूप अधिक असते. तळून कुटलेला प्राण, लसणाचे पाणी, भिजवून गाळलेल्या मिरचीचा रस आणि मवलाच्या फुलांचा अर्क त्यात घालतात. मवलाला स्वतःची चव जवळजवळ नाही. तो रंगापुरता असतो, आणि तो रंग मिरचीच्या लालीपेक्षा किंचित जांभळ्याकडे झुकलेला दिसतो.

खोऱ्याबाहेर

हॉटेलांतल्या रोगनजोशात कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही आली ती एकाच रश्श्यातून दहा पदार्थ काढण्याच्या सोयीपोटी. ब्रिटनमधल्या भारतीय खाणावळींत तर टोमॅटो हीच या पदार्थाची खूण झाली आहे. तो पदार्थ चवीला चांगला असू शकतो, पण त्यात बडीशेप आणि सुंठ शोधून सापडत नाही, आणि तीच गेली तर काश्मीरचे फारसे काही उरत नाही.

१९९० मध्ये पंडित कुटुंबांना खोरे सोडावे लागले. त्यानंतर महाराष्ट्रातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत विस्थापित काश्मिरी विद्यार्थ्यांसाठी जागा ठेवल्या गेल्या आणि अनेक कुटुंबे पुण्या-मुंबईत रुजली. महाशिवरात्रीला त्यांच्याकडे हेरथ म्हणतात. त्यांचा हा वर्षातला सर्वात मोठा सण. आपल्याकडे साबुदाणा भिजत असतो, त्याच सुमारास त्यांच्या अनेक घरांत वटुकपूजेच्या निमित्ताने मटण किंवा मासे रांधले जातात. काही घराण्यांत नैवेद्य शाकाहारी असतो. प्रत्येकाची कुळरीत ठरलेली आहे आणि ती परमुलखातही पाळली जाते.

रोगनजोश पोळीबरोबर किंवा नानबरोबर नव्हे, साध्या पांढऱ्या भाताबरोबर खातात. सोबतीला हाख या काश्मिरी पालेभाजीची पातळ भाजी, दह्यातली कमळकाकडी किंवा किसलेल्या मुळ्याची चटणी असते. उरलेला रोगनजोश दुसऱ्या दिवशी अधिक मुरलेला लागतो. तो गरम करताना वर थिजलेली चरबी काढून टाकू नये. मंद आचेवर तीच आधी वितळू द्यावी आणि लागलेच तर दोन चमचे गरम पाणी कडेने सोडावे.