स्मार्टफोनमधील संवेदक आणि भौतिकशास्त्राचे प्रयोग

पडदा फिरवणे, दिशा दाखवणे, आवाज टिपणे अशा कामांसाठी स्मार्टफोनमध्ये बसवलेले संवेदक, म्हणजेच सेन्सर, वर्गात मोजमापासाठी वापरण्याची पद्धत. संवेदकांची कच्ची वाचने नोंदवून आलेख काढणारी अ‍ॅप उपलब्ध आहेत. जर्मनीतील आखनच्या तंत्रविद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ (२०१६) हे मोफत अ‍ॅप त्यांपैकी एक.

टेबलावर निश्चल पडलेल्या फोनचा त्वरणमापी, म्हणजे त्वरण मोजणारा संवेदक, शून्य नव्हे, ९.८ मी./से.² दाखवतो, गादीवर सोडलेल्या फोनचे वाचन पडताना शून्याजवळ येते. संवेदकात सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो आणि त्याचे सरकणे मोजले जाते. टेबल फोनला वर रेटते. पडताना रेटणारे कोणी नसते. हे पहिल्याच तासाला स्पष्ट व्हायला हवे, नाहीतर पुढचे सगळे आलेख चुकीचे वाचले जातात.

दोलकासाठी फोन पिशवीत घट्ट बसवून दोन दोऱ्यांनी टांगावा. एकाच दोरीवर तो स्वतःभोवती पिळत राहतो. लांबी सुमारे १ मीटर, टांगणीपासून फोनच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजलेली. झोका १० अंशांच्या आत ठेवून जायरोस्कोपच्या, म्हणजे फिरण्याचा वेग मोजणाऱ्या संवेदकाच्या, आलेखावर २० आवर्तने मोजावीत. लांबीला ३९.५ ने गुणून आवर्तकालाच्या वर्गाने भागले की गुरुत्व त्वरण मिळते. त्वरणमापी वापरल्यास एक चूक हमखास होते: दोरीच्या दिशेतील त्वरण एका आवर्तनात दोनदा शिखर गाठते, आवर्तकाल निम्मा धरला जातो आणि उत्तर चौपट येते. म्हणून येथे जायरोस्कोपच बरा.

वर्तुळाकार गतीत खरी अडचण संवेदकाच्या जागेची. तो फोनच्या मध्यावर असेलच असे नाही, १५ सें.मी. त्रिज्येत २ सें.मी. चुकले तर उत्तर सुमारे १३ टक्क्यांनी बिघडते. फोन फिरत्या स्टुलावर सपाट चिकटवून स्टूल वेगवेगळ्या वेगांनी फिरवावे. अभिकेंद्री (केंद्राच्या दिशेचे) त्वरण विरुद्ध कोनीय वेगाचा वर्ग असा आलेख काढला की मिळणाऱ्या सरळ रेषेचा चढ हीच खरी त्रिज्या. पट्टीने मोजण्यापेक्षा ही रीत कितीतरी खात्रीची.

ध्वनीच्या वेगासाठी ५ मीटर अंतरावर दोन फोन ठेवून दोन्हींवर आवाजाने चालू-बंद होणारे घड्याळ लावतात. आधी पहिल्या फोनमागे टाळी वाजवतात, मग दुसऱ्यामागे. दोन वाचनांतला फरक म्हणजे ध्वनीला १० मीटर (दोन टाळ्यांचे ५-५ मीटर) जायला लागलेला वेळ, सुमारे ०.०२९ सेकंद. टाळीच्या प्रतिध्वनीने घड्याळ लगेच थांबत असेल, तर अ‍ॅपमधील किमान विलंब वाढवावा.

वायुदाबमापी सगळ्या फोनांत नसतो. असेल तर जमिनीलगत १ मीटर चढताना दाब सुमारे १२ पास्कलने उतरलेला दिसतो. मात्र दार आपटले तरी आलेख हलतो. चुंबकमापीत यंत्रणेचे आपोआप होणारे अंशशोधन (कॅलिब्रेशन) मध्येच शून्य सरकवते, तेव्हा अंशशोधन न केलेले वाचन निवडावे आणि चुंबक जवळ आणण्याआधीचे क्षेत्र वजा करावे. जोरदार चुंबक कॅमेऱ्यापासून दूर ठेवावा. भिंग स्थिर राखणारी यंत्रणा त्याने बिघडू शकते.