छतावर सोलर आहे म्हणजे इलेक्ट्रिक गाडी उन्हावरच चार्ज होते?

नागपुरात हे सर्रास ऐकू येतं. तसं नाही. रात्री प्लग लावला की वीज ग्रिडची, म्हणजे वीज कंपनीच्या तारांमधलीच येते. नेट मीटरिंग फक्त ग्रिडला दिलेल्या आणि ग्रिडकडून घेतलेल्या युनिटांचा हिशेब जुळवतं. दुपारीही साधा चार्जर ढग आला तरी तेवढीच वीज ओढत राहतो, कमी पडेल ती ग्रिडमधून.

घरात वापरून उरलेलीच सोलरची वीज गाडीत घालायची तर मीटरजवळच्या तारेवर सेन्सर आणि त्यावरून करंट कमी-जास्त करणारा चार्जर लागतो. त्यालाही खालची मर्यादा आहे: ६ अँपिअर, म्हणजे सिंगल फेजला जवळपास १.४ किलोवॅट. शिल्लक त्याखाली गेली की चार्जिंग थांबतं. मे महिन्यात तापलेलं पॅनेल आधीच कमी वीज देतं, त्यात घरातला एसी सुरू झाला की छोट्या सोलरवर हे सहज होऊ शकतं. गाडी दुपारभर ऑफिसात उभी असेल, तर कृपा करून या चार्जरवर पैसे घालू नका.