टायमिंगच्या खुणा: ठिपक्यांच्या गिअरपासून डबल कॅमपर्यंत

इंजिनचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह म्हणजे झडपा उघडणारा दांडा, थोडक्यात कॅम) परत बसवताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर आल्याची खूण, केसिंगच्या खाचेसमोर आणायची, कॅमच्या चक्रावरची खूण हेडवरच्या खाचेला जुळवायची आणि मग चेन चढवायची, हे आज परभणीपासून बीडपर्यंत कुठल्याही गॅरेजातलं पोरगं सांगेल. पण मराठवाड्यातल्या मोटारसायकल मिस्त्रींच्या हाताला टायमिंगचं हे काम, म्हणजे पिस्टनच्या चालीशी व्हॉल्व्हच्या उघडण्याचा मेळ लावणं, तसं उशिराच लागलं.

आधी मुळाकडे जाऊ. निकोलाउस ओटोचं चार स्ट्रोकचं इंजिन 1876 चं. त्यात क्रँकचे, म्हणजे पिस्टननं फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा प्रत्येक व्हॉल्व्ह एकदाच उघडतो, म्हणून कॅम क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो. कॅमच्या चक्राला क्रँकच्या दुप्पट दात असतात ते यासाठी. हा हिशोब आजतागायत बदललेला नाही. सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनांत तर आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनं आपोआप उघडायचा. टायमिंग लावायचं ते फक्त एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचं. वेग वाढला तसं ते आपोआप उघडणं पुरेना, आणि दोन्ही व्हॉल्व्ह कॅमच्या ताब्यात गेले.

कॅम तेव्हा खाली, क्रँकच्या शेजारी असायचा. 1955 पासून मद्रासला तयार होऊ लागलेली बुलेट याच घडणीची. क्रँकच्या गिअरवरून कॅमचे गिअर फिरायचे आणि वरचे व्हॉल्व्ह पुशरॉड, म्हणजे लांब दांड्या, ढकलून उघडायचे. गिअरच्या दातांवरच्या खुणा समोरासमोर आणल्या की झालं. गिअर सैल पडत नाही, ताणला जात नाही. बुलेटचं टायमिंग एकदा नीट लागलं की वर्षानुवर्षं हलत नसे, ते यामुळे.

पण बुलेट होती किती जणांकडे? दुधाचे कॅन वाहणारी राजदूत, शौकिनांची येझदी, नंतरची आरएक्स 100 आणि कावासाकी बजाजची केबी 100, या सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांत व्हॉल्व्हही नाहीत आणि कॅमही नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो आणि झाकतो. त्या पिढीच्या मिस्त्रीच्या तोंडी ‘टायमिंग’ म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर आणि ठिणगीची वेळ, एवढंच. त्या कामात ही माणसं तरबेज होती, आणि त्यांच्या कानाला मी आजही मानतो.

1985 साली दोन गोष्टी घडल्या. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि आयटीआय केलेल्या इथल्या पोरांना इंजिनकामाची मोठी जागा घराजवळ मिळाली. त्याच वर्षी हिरो होंडाची सीडी 100 बाजारात आली: चार स्ट्रोक, 97 सीसी, कॅम थेट हेडमध्ये. लिटरमागे धावण्याचा तिचा आकडा ऐकून शेतकरी, मास्तर, ग्रामसेवक तिच्याकडे वळले. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. 1996 मध्ये आरएक्स 100 चं उत्पादन थांबलं, येझदीचा म्हैसूरचा कारखानाही बंद झाला.

कॅम वर गेला आणि क्रँकपासून दूर पडला. मधे आली चेन. चेन झिजते, लांबते, तिला ताणून धरणारा टेन्शनर लागतो. खरी अडचण इथून सुरू होते. समजा कॅमच्या चक्राला 30 दात आहेत. एक दात चुकला की कॅम 12 अंशांनी सरकला, आणि क्रँकच्या मापानं ती चूक 24 अंशांची. गाडी किक घेत नाही, ओढत नाही, सायलेन्सरमधून फटके मारते. ‘टी’ ऐवजी शेजारची ‘एफ’ खूण धरली तरी घोळ होतो, कारण ‘एफ’ ठिणगीसाठी आहे, पिस्टनच्या टोकासाठी नाही. खुणा जुळवताना चेनची ढील पूर्णपणे टेन्शनरच्या बाजूला ठेवावी लागते. दुसऱ्या बाजूला राहिली तर टेन्शनर बसताच खूण सरकते.

डबल कॅमही नवा नाही. पेजोच्या 1912 च्या रेसिंग मोटारीत एका सिलिंडरला चार व्हॉल्व्ह आणि वर दोन कॅम होते. होंडानं 1965 मध्ये सीबी 450 ला, कावासाकीनं 1972 मध्ये 903 सीसीच्या झेड 1 ला ते दिले. आपल्याकडच्या रस्त्यांवर ते सर्रास दिसू लागले 2012 च्या केटीएम ड्यूक 200 नंतर. तिथे दोन कॅमांचा एकमेकांशीही मेळ लागतो. काही इंजिनांत दोन्ही खुणांमधल्या चेनच्या पिना मोजाव्या लागतात. व्हॉल्व्ह आणि पिस्टन इतके जवळ असतात की टायमिंग चुकलेलं असताना सेल्फ मारला तर व्हॉल्व्ह वाकू शकतो. म्हणून टेन्शनर बसवल्यावर पाना लावून क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवायचा आणि खुणा पुन्हा बघायच्या. फिरवताना कुठे अडलं तर जोर न लावता थांबायचं, कॅम काढायचे आणि ‘टी’ पासून परत सुरुवात करायची.