पृथ्वी फिरते, मग मुंबई लवकर का येत नाही?

१६ एप्रिल २०२५ला अमरावतीच्या बेलोरा विमानतळाहून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. तेव्हापासून आमच्याकडे निंदणाला वाकलेली माणसंही आवाज आला की मान वर करतात. परवा पऱ्हाटीच्या धुऱ्यावर दहावीतल्या एका पोरानं मला विचारलं, “काका, पृथ्वी तं पूर्वेकडे फिरते न? मंग जातानी विमान लवकर पोचाले पायजे. मुंबईच इकडे सरकून येते न!”

प्रश्न अस्सल आहे. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५६० किलोमीटर वेगानं पूर्वेकडे जाते. बेलोरा ते मुंबई सरळ अंतर ५४० किलोमीटर. म्हणजे विमान नुसतं अधांतरी थांबलं तरी २१ मिनिटांत मुंबई पायाखाली यायला हवी. ती येत नाही, कारण हवाही जमिनीसोबतच फिरते. खिडक्या लावलेल्या धावत्या एसटीत माशी आरामात पुढच्या सीटवरून मागच्या सीटवर जाते, मागच्या काचेवर आपटत नाही. याच प्रश्नाच्या आधारावर ‘पृथ्वी स्थिर आहे’ असं सांगणारे व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर येतात. ते पुढे पाठवण्याआधी ही माशी आठवावी.

फरक पडतो तो वाऱ्यानं, म्हणजे जमिनीच्या तुलनेत हवा जेवढी वेगळी सरकते तेवढ्यानं. हिवाळ्यात आपल्याकडे वरच्या थरांत वारा पश्चिमेकडून वाहतो. मुंबईहून येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर. मग जाण्यायेण्यात फिट्टंफाट होत असेल? नाही, आणि मला सगळ्यात आवडतो तो हिशोब हाच.

या मार्गावरच्या पंख्याच्या छोट्या एटीआर विमानाचा वेग ताशी ५०० किलोमीटर धरू. वारा नसेल तर एका बाजूला ६५ मिनिटं, दोन्ही मिळून १३०. आता हिशोबापुरता ताशी १०० चा वारा घ्या. येताना वेग ६००, वेळ ५४ मिनिटं. जाताना ४००, वेळ ८१. बेरीज १३५! वाऱ्यानं ११ मिनिटं दिली आणि १६ नेली. कारण साधं आहे: मदत करणारा वारा ५४ मिनिटंच सोबत होता, अडवणारा मात्र ८१ मिनिटं. पुराच्या पाण्यात डोंगा हाकणाऱ्याला हे न सांगता कळतं. बीजगणितात पाहायचं तर वारा आणि विमान यांच्या वेगांचं गुणोत्तर १/५, त्याचा वर्ग १/२५, तो १ मधून वजा केला की २४/२५. १३० ला त्यानं भागा, १३५ येतात. वारा आडवा असला तरी सुटका नाही. विमानाला नाक थोडं वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं. काटकोन त्रिकोणाचा कर्ण ५००, एक बाजू १००, म्हणून दुसरी ४९०. तेवढाच वेग पुढे जायला उरतो.

वेळापत्रकातल्या पावणेदोन तासांतली उरलेली ४० मिनिटं दार लावणं, धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं-उतरणं आणि मुंबईच्या आकाशातली रांग यांच्यासाठी राखलेली असतात. ‘तासाभरात मुंबई’ म्हणणारे ती मोजत नाहीत.

पोरानं लगेच पुढचं विचारलं, पावसाळ्यात काय? तेव्हा खाली मोसमी वारा पश्चिमेकडून येतो, पण १२ ते १५ किलोमीटर उंचीवर वारे उलटे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. एटीआर तेवढं वर जात नाही. नागपूरहून सुटणारी मोठी जेट विमानं मात्र त्या उंचीच्या जवळ पोचतात, आणि जुलैत मुंबईकडे जाताना तो वारा त्यांच्या पाठीशी येऊ शकतो.