काशीला निघण्यापूर्वी: आमच्या यात्रेकरूंसाठी माहितीपत्रक

'काशीस जावे नित्य वदावे' असं म्हणत म्हणत तुम्ही अखेर नाव नोंदवलंत, आनंद झाला. हे पत्रक बॅगेत ठेवू नका, निघण्याआधी घरी सगळ्यांनी मिळून वाचा. फोनवर वारंवार विचारलं जातं तेवढंच इथे लिहिलं आहे.

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न: तीन मुक्काम कशाला, एका दिवसात दर्शन होत नाही का? होतं. पण मुंबईहून रेल्वेने एक दिवसाहून जास्त प्रवास करून तासाभराच्या रांगेसाठी जायचं का, हे तुम्हीच ठरवा. काशीत गंगा उत्तरवाहिनी आहे आणि सगळे घाट पश्चिमेच्या काठावर. समोर नुसती वाळू. त्यामुळे सूर्य थेट नदीपलीकडून वर येतो. ते पाहायला पहाटे पाचला घाटावर असावं लागतं आणि आदल्या रात्री प्रवासाने दमलेला माणूस पाचला उठत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पहिल्या सकाळी अस्सी घाटावरून नावेने पंचगंगा घाटापर्यंत जातो. या वाटेवर मराठी माणसाला आपलीच नावं भेटतात. दशाश्वमेधाला लागून अहिल्याबाईंचा घाट. पुढे मणिकर्णिका ओलांडली की शिंदे घाट, तिथे पाण्यालगत एका बाजूला कललेलं रत्नेश्वराचं देऊळ. मग नागपूरकर भोसल्यांचा घाट. पंचगंगा घाटावर बिंदुमाधव म्हणजे विष्णू, आजचं देऊळ औंधच्या संस्थानिकांनी बांधलेलं. तिथून दुर्गा घाट, ब्रह्मा घाटाच्या गल्ल्यांत शिरलात तर एखाद्या दारावर मराठी आडनाव दिसेल. ही वस्ती जुनी आहे. १६७४ साली शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर आलेले गागाभट्ट काशीचेच, घराणं मूळ पैठणचं.

विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाई होळकरांनी १७८० मध्ये उभारलं, शिखराचं सोनं महाराजा रणजितसिंहांचं. डिसेंबर २०२१ पासून गंगेच्या बाजूनेही मोठा मार्ग खुला झाला आहे. मोबाईल, कॅमेरा, पिशवी, पेन, स्मार्ट घड्याळ काहीही आत नेता येत नाही. शक्यतो सगळं मुक्कामीच ठेवा. बाहेरचे दुकानदार लॉकर 'फुकट' देतात, पण मग प्रसादाची टोपली त्यांच्याकडूनच घ्यावी लागते. पिंडी लहान आहे, चांदीच्या कुंडात, जमिनीलगत. गर्दीत नजर समोर ठेवली तर निसटते, म्हणून आधीपासून खाली पाहा. जवळच अन्नपूर्णा. काळभैरव काशीचे कोतवाल, त्यांच्याकडे हजेरी लावल्याशिवाय आम्ही परत निघत नाही.

मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र घाटांवर अहोरात्र चिता जळत असतात. तिथे फोटो काढू नका, नावेतूनही नाही. कुणी 'लाकडासाठी दान द्या' म्हणत मागे लागलं तर हात जोडून पुढे चला.

चालणं बरंच आहे. घाटांच्या पायऱ्या उंच आहेत, गल्ल्यांत गाडी जात नाही आणि गाय आली तर आपणच भिंतीला चिकटायचं. गुडघ्यांचा त्रास असेल तर नोंदणी करतानाच सांगा. लाजू नका, त्यानुसार मुक्कामाची जागा आणि ई-रिक्षा ठरवता येते.

यात्रेच्या रकमेत प्रवास, राहणं, दोन वेळचं जेवण आणि सकाळची नाव आहे. पूजा, पिंडदान, गुरुजींची दक्षिणा नाही. मराठी बोलणारे गुरुजी आम्ही गाठून देतो, पण दक्षिणेचा आकडा संकल्प सोडण्याआधीच ठरवा. पाणी हातात घेतल्यावर घासाघीस होत नाही. सकाळच्या नाश्त्याला आम्ही मुद्दाम पोहे ठेवत नाही. कचोरी-जिलेबी खा, थंडीत गेलात तर मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई.

कार्तिक ते फाल्गुन हवा उत्तम. मात्र डिसेंबरच्या शेवटी आणि जानेवारीत धुकं पडतं, गाड्या तासन्तास उशिरा धावतात. पावसाळ्यात गंगा घाट गिळते, नावा बंद होतात, म्हणून त्या दिवसांत आम्ही यात्रा काढत नाही. देवदिवाळी म्हणजे कार्तिक पौर्णिमा. देखावा अपूर्व, पण ज्येष्ठांना आम्ही ती तारीख सुचवत नाही.

स्वतः तिकीट काढणाऱ्यांनी स्टेशनचं नाव नीट वाचावं: 'वाराणसी जंक्शन' आणि 'बनारस' शहरात आहेत, 'पंडित दीनदयाळ उपाध्याय' म्हणजे जुनं मुगलसराय, नदीपलीकडे. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं.

गंगेचे गडू तिथेच डाख लावून मिळतात. रेल्वेने अडचण नाही. विमानाने येणाऱ्यांनी ते केबिनच्या बॅगेत ठेवू नयेत, चेक-इनच्या सामानात द्यावेत. आणि मावंद्याची, म्हणजे यात्रेनंतरच्या जेवणाची, तारीख ठरली की आम्हालाही कळवा, जमेल तसं येऊ.